फोन फॉरमॅट करू नका म्हणावं त्यांना

तुझा रात्रीचा लांबलचक मेसेज वाचला, आणि बाकीचं राहू दे, आधी त्या पोराच्या वडिलांना फोन लाव. मोबाईल फॉरमॅट करू नका, चॅट उडवू नका, गेमचं अकाउंट बंद करू नका, फोटोवरून धमकावणाऱ्या त्या हरामखोराला एक रुपया देऊ नका आणि पोराला मारू नका. एवढं सांगून ये, मग पुढचं वाच.

तू म्हणतेस की कोलंबियातल्या बोगोटाच्या परिषदेवरचं ऑनलाइन सेशन ऐकलं, नोव्हेंबर 2024 ला एवढ्या देशांचे मंत्री जमले, मुलांवरची हिंसा थांबवू म्हणून शब्द देऊन गेले, आणि दुसऱ्याच दिवशी अक्कलकोट रोडच्या वस्तीतलं अकरा वर्षांचं पोरगं तुला सांगतं की गेममध्ये ओळख झालेल्या 'दादा'ने फोटो मागवले आणि आता पैसे दे नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकतो म्हणतो. दादा कुठल्या देशातला तेही माहीत नाही. मग या करारांचा उपयोग काय?

नोंद झाली तर उपयोग, नाही झाली तर शून्य. मी हे इतक्या वर्षांत इतक्या जणांना सांगितलंय की लोक मला बघून वाट बदलतात, पण सांगणारच.

पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा उघड, अगदी सुरुवातीलाच लिहिलंय की भारताने 11 डिसेंबर 1992 ला बालहक्क संहिता स्वीकारली आणि म्हणून हा कायदा. म्हणजे 1989 चा तो यूएनचा कागद तुझ्या वस्तीत आधीच आलेला आहे. त्याच कायद्याचं कलम 19 म्हणतं की ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचं, आईबापाची परवानगी लागत नाही, आणि न कळवणं हाच गुन्हा. आणि पोलिसांनी काय करायचं तेही त्यातच आहे, खबर लेखी घ्यायची, नोंद क्रमांक द्यायचा, वाचून दाखवायची. ठाण्यात तुला म्हणाले ना, आयडी फॉरेनचा दिसतोय, काय करणार आम्ही? त्यांना म्हणावं काय करायचं ते नंतर बघा, आधी क्रमांक द्या.

आता त्या फॉरेनचं ऐक. अमेरिकन कंपनीच्या ॲपवर असा फोटो सापडला की तिथल्या कायद्याने तिला एनसीएमईसी नावाच्या, हरवलेल्या आणि शोषण झालेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला कळवावंच लागतं. भारताशी संबंध असेल तर 2019 च्या समझोत्यानुसार ती टिप, म्हणजे खबर, दिल्लीला एनसीआरबीकडे, आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद खात्याकडे येते, तिथून राज्याच्या सायबर पोलिसांकडे, तिथून जिल्ह्यात. कंपनीने तो डेटा आधी 90 दिवस ठेवायचा असायचा, 2024 ला त्यांनी कायदा बदलून एक वर्ष केलं. हे सगळं सुरू कुठून होतं? कोणीतरी रिपोर्ट केला तिथून. मंत्र्यांच्या भाषणातून नाही.

एक प्रकरण माझ्या समोर आलं होतं. कागदावर आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आणि वेळ 20:30. सगळे रात्री साडेआठला घरात कोण होतं ते शोधत बसलेले. अरे, ती वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे दोन. मोबाईल कंपनी एकच आयपी कितीतरी गिऱ्हाइकांत वाटते, वेळ चुकली की भलत्याच्याच दारात जीप उभी. मी पेन्सिलीने बाजूला 02:00 लिहिलं तर साहेब म्हणाले मॅडम तुम्ही फार किरकिर करता. करते. नोंद धड नसेल तर सात समुद्र ओलांडून आलेली टिप पण रद्दीच.

वडील तुला म्हणाले ना, "कशाला वाढवलालाव मॅडम, सोडून द्या की", ते मी पण खूप ऐकलंय. एका विडी कामगार बाईच्या मुलीचं मी कळवलं होतं, ती बाई अजून गड्ड्याच्या यात्रेत समोर आली की तोंड फिरवते. हिने आमचं घर मोडलं म्हणते. वाईट वाटतं मला, का नाही वाटणार, तिच्या घरी मी किती वेळा चहा प्यायलेय. पण नोंद झाली नसती तर तो माणूस आजही शेजारच्या गल्लीत ट्यूशन घेत असता, हे तिला कोणी सांगत नाही आणि मी सांगायला गेले तर ती ऐकून घेत नाही. असो. मी बरोबरच होते.

आणि परदेशातल्या संस्थेत जायचा फॉर्म भरू का विचारतेस, भर की. भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या घरातून डॉक्टर माणूस 1938 ला चीनला गेला, आपल्या सोलापूरला बाहेरचं वावडं कधी नव्हतं. पण इथलं अर्धवट टाकून जाऊ नकोस, आणि वस्तीत अवेअरनेस सेशन घेऊ या का हे मला आत्ता विचारू नकोस, डोकं फिरतं माझं.

उद्या वडिलांना घेऊन जा. समोरच्याचा युजरनेम, प्रोफाइलची लिंक, पैसे कुठे मागितले ते, तारीख, वेळ, सगळं एका कागदावर. फोटो मात्र कोणाच्याही व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही, साहेबांनी मागितला तरी नाही, फोनच दाखवायचा. पोराला ठाण्यात नेऊ नकोस, कलम 24 आहे, जबाब घ्यायला त्यांनी साध्या कपड्यात घरी यायचं. तूही त्याला परत परत विचारत बसू नकोस. एनसीएमईसीचं 'टेक इट डाउन' आहे, त्यात फोटो फोनमधून बाहेर जात नाही, फक्त त्याचा हॅश, म्हणजे फोटोवरून काढलेला आकडी ठसा जातो आणि ज्या कंपन्या त्यात सामील आहेत त्या तो फोटो ओळखून काढतात, तेही वडिलांच्या समोर करून दे. रात्री पोरगं घाबरलं तर मुलांची हेल्पलाइन, 1098.

क्रमांक मिळाला की तेवढाच मला पाठव. पोराचं नाव टाकू नकोस.