मोहरी येईपर्यंत

प्रिय,

तुझं प्रूफ, म्हणजे चाचणीचा छाप, मिळालं. पूल छान जमलाय. नदी मात्र नांगरलेल्या शेतासारखी दिसते. पाणी दाखवायच्या नादात तू सगळीकडे रेघाच रेघा ओढल्यास. वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्या पहिल्या प्लेटवर तर याहून दाट रान माजलं होतं.

डच चित्रकार रेम्ब्रांचं ‘सिक्सचा पूल’ हे 1645 सालचं एचिंग, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडनं रेघा कोरून छापलेलं चित्र, बघ. रुंदी वीतभर, म्हणजे जेमतेम 22 सेंटिमीटर. लाकडी पूल, त्यावर बोलत उभी दोन माणसं, दोन शेलाटी झाडं, काठाआडून डोकावणारं शीड. आता त्यात पाणी शोध. थोड्याशा रेघा, बाकी कोरा कागद. तरी कुणालाही सांगावं लागत नाही की ही नदी आहे.

या चित्राची एक गोष्ट सांगतात. जेवायला बसले तर मोहरी नाही. नोकर गावात धावला, आणि तो परतायच्या आत प्लेट पुरी करतो अशी पैज रेम्ब्रांनं आपल्या मित्राशी, यान सिक्सशी लावली. जेर्सें नावाच्या फ्रेंच चित्रव्यापाऱ्यानं हे लिहिलं ते शंभर वर्षांनी, त्यामुळे मला ती दंतकथाच वाटते. ती जागा सिक्सची नव्हतीच, असंही पुढे अभ्यासकांनी दाखवलं. आणि गोष्ट खरी धरली तरी तेवढ्या वेळात फक्त सुईनं रेघा ओढायचं काम होईल. आधी ग्राउंड, म्हणजे ॲसिडला अडवणारा मेणासारखा थर, चढवायचा, नंतर प्लेट ॲसिडमध्ये सोडायची, त्याला मोहरीची घाई चालत नाही. शिवाय त्या हाताला तोवर दीड दशकाहून जास्त सराव होता, हे पैजेची गोष्ट सांगणारे विसरतात.

मला जास्त आवडतात त्या टोप्या. पहिल्या छापांत पुलावरच्या दोघांच्याही टोप्या कोऱ्या आहेत. नंतर त्यानं एकीवर रेघा भरल्या, मग दुसरीवर. म्हणजे छापून बघितलं, आणि तेवढंच वाढवलं.

तूही तसंच कर. पुढच्या प्लेटवर पूल आणि काठ काढ, पाण्याला हात लावू नकोस. प्रूफ काढ, चार दिवस भिंतीवर राहू दे. रेघ हवीच वाटली तर पुन्हा ग्राउंड लावून घालता येते. नको असलेली रेघ स्क्रेपरनं खरवडून बर्निशरनं घोटायची म्हणजे अख्खी दुपार जाते, आणि तिथे डाग राहतो तो राहतोच.

कागद जरा जास्त वेळ भिजव. या वेळी उजव्या कोपऱ्यात शाई उचललीच नाहीये.

तुझा,
सर