आधी न वापरलेले नळ शोध
रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रणात नवीन आहेस, म्हणून सांगते: प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न बघता आधी नळ हिंडून बघ. रिकाम्या खोलीतला, कुणी न उघडलेला नळ सर्वांत धोक्याचा. साचलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांत, न्यूमोनिया घडवणारे लिजिओनेला जिवाणू वाढतात. असे नळ आठवड्यातून एकदा तरी काही मिनिटं वाहू दे, नोंद ठेव. गरम पाण्याच्या टाकीत ६० अंश हवेतच.

बेसिनला मात्र जास्त वेळ दे. धार थेट निचऱ्याच्या जाळीवर पडत असेल तर खालच्या पाइपातले स्यूडोमोनास, म्हणजे ओलाव्यात वाढणारे जिवाणू, शिंतोड्यांबरोबर वर उडतात. तिथं उरलेलं ग्लुकोज किंवा दूध ओतू देऊ नकोस. जंतूंना आयतं खाद्य मिळतं. आणि अतिदक्षता विभागात बेसिनशेजारी इंजेक्शनं भरताना कुणी दिसलं, तर वरिष्ठ असले तरी थांबव.