वाचक विचारतात : नोव्होरोसिस्कचा वारा आणि मोंढ्यातला डबा

काळ्या समुद्रावरच्या नोव्होरोसिस्क या रशियन बंदराबद्दल मराठवाड्यातून बरीच पत्रं आली. बहुतेकांचं मूळ गोडेतेलाच्या भावात आहे, काहींचं नकाशात. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

लातूरच्या मोंढ्यात माझी आडत आहे. ‘नोव्होरोसिस्क बंद’ असा मेसेज फिरला की तासाभरात सूर्यफूल तेलाचा डबा तीस-चाळीस रुपयांनी चढतो. तिथलं बंदर बंद पडल्यानं आपला डबा खरंच एवढा महागतो का? (एक व्यापारी, लातूर)

एवढा नाही. हिशेब करून बघू. एका टनात १५ किलोचे ६६-६७ डबे बसतात. जहाजात ३०,००० टन तेल आहे आणि ते पाच दिवस खोळंबलं असं समजा. दिवसाचं भाडं २०,००० डॉलर धरलं तर खोळंब्याचे एक लाख डॉलर झाले, म्हणजे टनामागे सव्वातीन-साडेतीन डॉलर. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर डब्यामागे सव्वाचार रुपये पडतात. मोंढा वाढवतो तीस-चाळीस. मधला फरक भीतीचा असतो, आणि कधी कधी गोदामात आधीच भरून ठेवलेल्या मालाचाही.

दुसरी गोष्ट वेळेची. जहाज भरायला दोनेक दिवस लागतात, मग इस्तंबूलजवळच्या बोस्फरस सामुद्रधुनीतली रांग, पंधरा दिवसांचा प्रवास, आपल्या बंदरात उपसा, रिफायनरी आणि शेवटी ट्रक. सगळं मिळून महिना कुठेच जात नाही. आज दुकानात असलेला डबा महिन्याभरापूर्वी तिथून निघालेला असतो. बंदर बंद पाडणाऱ्या आजच्या वाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही.

डब्याला खरा धक्का बसतो तो तीन ठिकाणांहून : तिकडचा भाव, रशियाचा निर्यात कर आणि आपलं आयात शुल्क. तिकडे टनाला १० डॉलर वाढले की, आपलं १६.५ टक्के शुल्क धरून, डबा साधारण १५ रुपयांनी वाढतो. रशियाचा सूर्यफूल तेलावरचा निर्यात कर २०२१ पासून बाजारभावाशी जोडलेला आहे आणि तो दर महिन्याला नव्यानं ठरतो. आपल्याकडे ३० मे २०२५ ला कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आलं. अधिभार धरून ते १६.५ होतं. मेसेजपेक्षा या दोन दरांवर लक्ष ठेवलेलं बरं.

एक सवलत मात्र सूर्यफुलाच्या तेलाला निसर्गानंच दिली आहे. पामतेल थंडीत थिजतं, त्यामुळे जहाजात ते तापवत आणावं लागतं. सूर्यफूल तेल शून्याच्या बरंच खाली गेल्याशिवाय गोठत नाही, तेव्हा तो खर्च वाचतो. टाकी मात्र तपासावी लागते. आधीच्या फेरीत तिच्यात काय भरलं होतं आणि ती नीट धुतली का, याचा दाखला मिळाल्याशिवाय जाणता खरेदीदार माल भरू देत नाही. तिथे कुचराई झाली तर तेलाला वास लागतो आणि मग सगळी खेपच भांडणात अडकते.

समुद्रावरचं बंदर वाऱ्यामुळे बंद कसं पडतं? पुस्तकात ‘बोरा’ एवढाच शब्द आहे. मुलांना समजेल असं सांगावं. (भूगोलाच्या शिक्षिका, अंबाजोगाई)

बाई, जायकवाडीचा सांडवा डोळ्यांसमोर आणा. मागे पाणी साठत जातं, काठोकाठ येतं आणि दरवाजे उघडले की धाडकन खाली कोसळतं. इथे पाण्याच्या जागी थंड हवा आहे आणि धरणाच्या जागी मार्कोत्ख नावाची डोंगररांग.

ही रांग शहराच्या ईशान्येला आहे, साधारण ५०० ते ७०० मीटर उंचीची. तिच्यामागे कुबानचा सपाट प्रदेश. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेली जड थंड हवा तिथे साचते. ती खिंडीच्या उंचीला पोचली की डोंगरावरून घसरत बंदराच्या त्सेमेस आखातात उतरते. मुलं इथे एक शंका काढतील : खाली उतरणारी हवा तर तापते ना? तापते, पण दर १०० मीटरला जेमतेम एक अंश. सहाशे मीटर उतरून तिला सहा अंश मिळतात. मागे उणे १५ असेल तर खाली उणे ९ घेऊनच ती येते, आणि खालचं पाणी मात्र ७-८ अंशांचं. डोंगर आणखी दीड-दोन हजार मीटर उंच असता तर हीच हवा उबदार होऊन उतरली असती. रांग बुटकी आहे म्हणूनच तो वारा एवढा गार.

झोत सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटरच्याही वर जातात. गावकरी या ‘बोरा’ वाऱ्याला ‘नॉर्ड-ओस्ट’ म्हणतात. तो येण्याआधी डोंगरमाथ्यावर पांढऱ्या ढगांची कड लोंबू लागते. तिचं तिथलं नाव ‘दाढी’. दाढी दिसली की खलाशी दोर तपासायला लागतात.

वाऱ्याहून वाईट म्हणजे बर्फ. उडालेले तुषार जहाजाच्या दोरांवर, कठड्यांवर, डोलकाठीवर पडताच गोठतात. वजन वरच्या अंगाला वाढत जातं आणि जहाज कलंडतं. १८४८ च्या जानेवारीत ‘स्त्रुया’ नावाची नौका अशीच बर्फाच्या भारानं बुडाली. तिच्यावरचे ५२ जण गेले. म्हणून इशारा मिळाला की माल भरणं थांबतं, नळ्या सोडवल्या जातात, क्रेन जागच्या जागी जखडतात आणि मोठी जहाजं धक्का सोडून खुल्या समुद्रात जातात. बंदराबाहेर जाणं सुरक्षित कसं, असं वाटेल. पण आखातात नांगर घसरला की जहाज थेट खडकावर किंवा शेजारच्या जहाजावर जातं. बाहेर निदान इंजिन चालू ठेवून वाऱ्याला तोंड देत उभं राहायला जागा मिळते.

गंमत अशी की याच बंदराचं पाणी हिवाळ्यात गोठत नाही, आणि रशियाला ते मोलाचं आहे. बर्फ नाही म्हणून बंदर, आणि वारा आहे म्हणून बंद.

तिथून मुंबईला माल कोणत्या वाटेनं येतो? किती अंतर? (जालना)

वाट सांगतो. नोव्होरोसिस्कहून काळा समुद्र ओलांडून इस्तंबूल, ३१ किलोमीटरची बोस्फरस सामुद्रधुनी, मार्मारा समुद्र, दार्दानेल्स, मग भूमध्य समुद्र, १९३ किलोमीटरचा सुएझ कालवा, तांबडा समुद्र आणि अरबी समुद्र. एकूण अंदाजे ४,३०० सागरी मैल. १२ नॉटच्या वेगानं जहाज दिवसाला २८८ मैल कापतं, म्हणजे पंधरा दिवस.

अडकायची जागा बोस्फरस. सर्वांत अरुंद ठिकाणी तो जेमतेम ७०० मीटर आहे, वळणं तीव्र, आणि दोन्ही काठांना शहर. २०० मीटरहून लांब टँकर दिवसाउजेडीच सोडले जातात. धुकं पडलं की सगळेच थांबतात. व्यापारी जहाजांना शांततेच्या काळात इथून जाण्याची मोकळीक आहे ती १९३६ च्या माँत्र्यो करारामुळे.

२०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. आफ्रिकेला वळसा घातला तर अंतर जवळजवळ तिप्पट होतं.

कझाकस्तानचं खनिज तेल रशियाच्या बंदरातून का जातं? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, परभणी)

कारण कझाकस्तानला महासागराकडे जाणारा किनारा नाही. तिथल्या तेंगिझच्या तेलविहिरींपासून नोव्होरोसिस्कजवळच्या युझ्नाया ओझेरेयेव्का गावापर्यंत १,५११ किलोमीटरची वाहिनी आहे. २००१ मध्ये तिच्यातून पहिला टँकर भरला गेला. कझाकस्तानच्या निर्यातीपैकी सुमारे ८० टक्के तेल याच वाटेनं जातं. तिथे टँकर धक्क्याला लागत नाही. किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत पाण्यात तरंगते बोये आहेत. टँकर नाकाशी दोर बांधतो, वाऱ्याप्रमाणे बोयाभोवती फिरत राहतो आणि तरंगत्या नळीतून तेल घेतो. २०२२ च्या मार्चमध्ये वादळानं तीनपैकी दोन बोये नादुरुस्त झाले आणि निर्यात रखडली. रशियाचं स्वतःचं खनिज तेल वेगळ्या टर्मिनलवरून जातं, शहराच्या कडेच्या शेस्खारिसहून. भारताला मिळणाऱ्या ‘युराल’ या रशियन खनिज तेलाचा एक हिस्सा तिथला असतो. या दोन टर्मिनलांची गल्लत परीक्षेत सर्रास होते.

या शहराला ‘वीर नगर’ का म्हणतात? (निवृत्त सैनिक, धाराशिव)

शहर १८३८ चं. १९४२ च्या सप्टेंबरात जर्मन फौजांनी त्याचा बहुतेक भाग घेतला, पण पूर्वेकडच्या सिमेंट कारखान्यांपाशी त्यांना थांबावं लागलं. तिथे गोळ्यांनी चाळणी झालेला रेल्वेचा एक डबा अजून जपून ठेवला आहे. ४ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री सोव्हिएत मेजर त्सेझर कुनिकोव यांची तुकडी आखाताच्या दुसऱ्या काठावर उतरली. त्या जागेला ‘मालाया झेम्ल्या’, म्हणजे छोटी भूमी, असं नाव पडलं. ती २२५ दिवस राखली गेली. १६ सप्टेंबरला शहर सुटलं आणि १९७३ मध्ये त्याला वीर नगर हा किताब मिळाला. त्याच्या पुढच्याच वर्षी सोव्हिएत संघातला पेप्सीचा पहिला कारखाना याच शहरात सुरू झाला, हेही जाता जाता.

सिमेंट कारखाने तिथेच का? मार्कोत्खच्या डोंगरात मार्ल नावाचा दगड आहे. चुना आणि चिकणमाती त्यात निसर्गतःच मिसळलेली असते, त्यामुळे भट्टीसाठी कच्चा माल घरचाच. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून ते जमत नाही.

रशियातून एवढं तेल येतं, मग आम्ही सूर्यफूल पेरावं की नाही? (शेतकरी, औसा)

बंदराकडे बघून ठरवू नका. सूर्यफुलाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७,७२१ रुपये आहे. तुमच्या मोंढ्यात त्याच्या किती जवळ खरेदी होते, ते आधी विचारा.

बियाण्याचं नातं मात्र ऐकण्यासारखं आहे. १९६९ मध्ये भारतात आलेले तेलबियांचे सुधारित सूर्यफूल वाण सोव्हिएत होते. त्यांतला ‘पेरेदोविक’ आपल्याकडे ईसी ६८४१४ या क्रमांकानं ओळखला गेला. असे तेलाळ वाण घडवण्याचं मोठं काम सोव्हिएत शास्त्रज्ञ पुस्तोवोइत यांनी क्रास्नोदारला केलं, आणि क्रास्नोदार म्हणजे नोव्होरोसिस्कच्या पाठीमागचंच शहर. म्हणजे आज ज्या मुलखाचं तेल तुमच्या भावाला दाबतं, तिथलंच बी तुमच्या वडिलांनी पेरलेलं असू शकतं.

पेरणार असाल तर केवडा रोगापासून पीक जपा. हा रोग देशात पहिल्यांदा १९८४ मध्ये मराठवाड्यातच आढळला, आणि त्यानंतर लातूरच्या तेलबिया संशोधन केंद्रानं एलएसएच-१ आणि एलएसएच-३ हे प्रतिकारक संकरित वाण काढले. पानाच्या शिरांजवळ पिवळटपणा, पानाखाली पांढरी बुरशी, झाड खुजं आणि फूल आभाळाकडे तोंड करून ताठ, अशी लक्षणं. उभ्या पिकात उपाय फारसा हाती लागत नाही. पेरणीआधी किलोभर बियाण्याला मेटॅलॅक्झिल ३५ टक्के या बुरशीनाशकाची ६ ग्रॅम प्रक्रिया करा. मागच्या हंगामात जिथे केवडा दिसला त्या शेतात लगेच पुन्हा सूर्यफूल घेऊ नका, कारण बुरशीचे बीजाणू मातीत कित्येक वर्षं टिकतात.