असोसिएशन जरूर काढा, पण रेट ठरवायला नको

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं. या वेळी इव्हेंटवाल्यांची बरीच पत्रं आली, म्हणून हा अंक त्यांच्यासाठीच ठेवलाय. नावं छापत नाही, फक्त गावं देतेय.

प्रश्न : ताई, आम्ही नाशिकमधले दहा-बारा इव्हेंट प्लॅनर आहोत, लग्न, डोहाळजेवण, बारसं, कंपन्यांचे कार्यक्रम सगळं करतो. इथे मंडपवाल्यांची संघटना आहे, केटरिंगवाल्यांची आहे, आमचीच नाही. आणि रेटची वाट लागलीय, आम्ही ज्या कामाचे लाखभर घेतो तेच काम नवीन पोरं चाळीस हजारात करतो म्हणतात. आमचं असं चाललंय की असोसिएशन रजिस्टर करायची, कमीत कमी रेट ठरवायचा आणि जो त्याच्याखाली जाईल त्याच्यासोबत कुठल्याही मंडपवाल्याने काम करायचं नाही. रजिस्ट्रेशन कुठे करायचं?

असोसिएशन काढाच. २०२१ च्या एप्रिलमधला कोरोनाचा तो आदेश आठवतोय ना, लग्न २५ माणसांत आणि २ तासांत उरका म्हणून? ऐन लग्नसराईत आला होता, तेव्हा बुकिंगचे ॲडव्हान्स परत मागायला लग्नघरचे दारात, आणि ज्यांना आपण ॲडव्हान्स देऊन बसलो ते फोन उचलेनात, आणि कलेक्टर ऑफिसात जाऊन बोलायला प्लॅनरांच्या वतीने बऱ्याच गावांत कोणीच नव्हतं. तशी वेळ परत आली तर बोलणारं कोणीतरी हवं, एवढं एक कारणसुद्धा मला पुरेसं वाटतं.

पण तुमचा कमीत कमी रेटचा आणि बहिष्काराचा विचार आजच सोडून द्या. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. २००२ चा कॉम्पिटिशन कायदा आहे, त्याच्या कलम ३ मध्ये एकाच धंद्यातल्या लोकांनी एकत्र येऊन भाव ठरवणं बेकायदेशीर धरलंय, आणि असोसिएशनने घेतलेला निर्णयही त्यात येतो. केमिस्टांच्या संघटनांवर कॉम्पिटिशन कमिशनने या कायद्याखाली कारवाई केलेली आहे आणि त्या संघटना केवढ्या मोठ्या, केवढ्या जुन्या. तुमची असोसिएशन रजिस्टर असो नसो फरक पडत नाही, "उद्यापासून याच्याखाली कोणी घेऊ नका" असा ग्रुपवरचा एक मेसेज पुरावा म्हणून पुरू शकतो. मंडपवाल्यांना सांगून एखाद्याचं काम अडवणं हे तर आणखी वाईट, तो नवा पोरगा उद्या तुमच्याच विरोधात तक्रार घेऊन उभा राहील आणि त्याचं म्हणणं खरं असेल.

मग चाळीस हजारवाल्याचं करायचं काय? तो चाळीसमध्ये कसा काय करतो ते आधी बघा. बऱ्याचदा तो फी कमी लावतो आणि डेकोरेशन, साउंड, फोटोग्राफर, आचारी सगळ्यांकडून कमिशन घेतो, घरच्यांना ते कळतच नाही, शेवटी खर्च तेवढाच होतो. इथे असोसिएशन खूप काही करू शकते आणि कायद्यात बसून करू शकते. सगळ्यांनी कोटेशनचा एकच नमुना वापरायचा, रक्कम ज्याची त्याने टाकायची पण रकाने सारखे : प्लॅनरची फी वेगळी, व्हेंडरचे पैसे वेगळे, कमिशन घेत असाल तर तसं लिहिलेलं, जीएसटी वेगळा, कार्यक्रमाच्या दिवशी साइटवर किती माणसं आणि किती तास, कॅन्सल झालं तर किती परत. मुलीच्या वडिलांसमोर असे दोन कागद शेजारी ठेवले की चाळीस आणि लाख यातला फरक तुम्हाला तोंडाने सांगावा लागत नाही. आणि ज्याला हा नमुना मान्य नाही त्याला सभासद करू नका, एवढा अधिकार तुम्हाला नक्की आहे.

आता रजिस्ट्रेशन. नेहमीचा रस्ता म्हणजे १८६० चा सोसायटी रजिस्ट्रेशन कायदा, कमीत कमी ७ जण लागतात, घटना म्हणजे नियमावली लागते, कार्यकारिणीची यादी, जागेचा पत्ता आणि जागामालकाची संमती लागते. आपल्याकडे हे काम धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातच चालतं, आणि तिथेच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालची नोंदणीही बहुतेक संस्थांना करावी लागते. दुसरा रस्ता सेक्शन ८ ची, म्हणजे नफा सभासदांत न वाटणारी कंपनी, २०१३ च्या कंपनी कायद्यातली, त्यात व्यापाराला चालना देणं हा उद्देश सरळ लिहिता येतो पण दरवर्षीचं ऑडिट आणि फायलिंगचा खर्च जास्त. सोसायटीवाल्यांना माझं एक कळकळीचं सांगणं, निवडणूक झाली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे नवीन कार्यकारिणी कळवणारा अर्ज, द्या. कितीतरी चांगल्या संस्था मी अशा बघितल्यात की कागदावर अजून दहा वर्षांपूर्वीचे अध्यक्ष आहेत, मग बँकेत सही कोणाची यावरून भांडण आणि सगळं ठप्प.

घाई नसेल तर एक लग्नसराई नुसतीच एकत्र काढा, मीटिंगची वही ठेवा, कोण येतं कोण येत नाही ते दिसेल, मग रजिस्टर करा. तोवर वर्गणी मात्र कोणा एकाच्या खात्यात जमा करू नका, मैत्री तिथेच तुटते.

आणि एक, सभासद फक्त प्लॅनर ठेवायचे की बिछायतवाले, साउंडवाले, फुलवाले पण घ्यायचे? घ्या, पण सहयोगी सभासद म्हणून, मतदान प्लॅनरांचं ठेवा. अमेरिकेत १९८७ मध्ये स्पेशल इव्हेंटवाल्यांची इंटरनॅशनल स्पेशल इव्हेंट्स सोसायटी निघाली, २०१६ मध्ये तिचं नाव इंटरनॅशनल लाइव्ह इव्हेंट्स असोसिएशन झालं, तिथे पहिल्यापासून प्लॅनर, केटरर, डेकोरेटर एकाच छताखाली आणि प्रत्येक शहराची वेगळी शाखा. आपल्याकडे देशपातळीवर इमा (इव्हेंट अँड एंटरटेनमेंट मॅनेजमेंट असोसिएशन) आहे पण तिचं काम मोठ्या कंपन्यांच्या अंगाने चालतं, नाशिकच्या लॉनवर रात्री जनरेटर बंद पडला तर शेजारच्या प्लॅनरचा नंबरच कामाला येणार, म्हणून गावची असोसिएशन हवी.

प्रश्न : मी मडगावला वेडिंग प्लॅनर आहे. हॉटेलवाले प्रत्येक लग्नाला म्युझिकचं लायसन्स मागतात, नाही आणलं तर डीजे लावू देत नाहीत. लग्नाला लागत नाही असं ऐकलं होतं. खरं काय?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना सूट आहे आणि त्यात लग्नाची वरात आणि लग्नासोबतचे सामाजिक कार्यक्रम येतात असं स्पष्ट लिहिलंय. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या खात्याने तशी नोटीसही काढली. मग गोवा सरकारने जानेवारी २०२४ ला परिपत्रक काढलं की हॉटेलांनी आणि कॉपीराइट सोसायट्यांनी (गाण्यांची लायसन्स देणाऱ्या संस्थांनी) लग्नाला परवानगी मागू नये, ते परिपत्रक मात्र मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. रद्द झालं ते परिपत्रक, कायद्यातली सूट जागेवर आहे. तरी पाच दिवसांच्या डेस्टिनेशन वेडिंगमधली पूल पार्टी "लग्नासोबतचा कार्यक्रम" आहे का, यावर वाद होऊ शकतो आणि तो वाद कार्यक्रमाच्या संध्याकाळी लॉबीत उभं राहून तुम्ही एकट्याने घालायचा नसतो. तुमच्याकडच्या प्लॅनरांनी मिळून एका वकिलाकडून लेखी मत घ्यावं, खर्च वाटून घ्या, आणि सीझन सुरू व्हायच्या आधी हॉटेलांच्या बँक्वेट मॅनेजरांसोबत बसा. कंपनीच्या पार्टीला, न्यू इयरला लायसन्स लागतंच, तिथे सूट शोधत बसू नका, गाणं बनवणाऱ्याचे ते पैसे आहेत.

प्रश्न : सांगलीच्या एका कंपनीचा ॲन्युअल डे केला, सात महिने झाले पैसे नाहीत. आमच्या ग्रुपवर त्यांचं नाव टाकून सगळ्यांना सावध करायचा विचार आहे.

नाव टाकू नका, बदनामीची नोटीस आली तर पैसे राहतील बाजूला. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी) आहे का आणि ते या कामाच्या आधीचं आहे का? असेल तर २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा तुमच्या बाजूने आहे, करारात काहीही लिहिलं असलं तरी ४५ दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत, पुढे बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं तेही दर महिन्याला चक्रवाढ. सरकारच्या एमएसएमई पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करा, प्रकरण फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे जातं. त्याआधी कंपनीच्या अकाउंट्सला एक साधी चिठ्ठी पाठवा, कायद्याचं नाव आणि व्याजाचा आकडा घालून, कधीकधी तेवढ्यानेही चेक निघतो. उद्यम नसेल तर आज काढा, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, या कामाला नाही तरी पुढच्या कामांना उपयोगी पडेल.

आणि मला तुम्हाला एक विचारायचंय, त्या कार्यक्रमाचे मंडपवाले, लाइटवाले, वाढपी यांचे पैसे तुम्ही दिलेत ना? कंपनीने दिले नाहीत म्हणून तुम्ही त्यांचे अडवले असतील तर तोच कायदा मंडपवाल्यालाही लागू आहे, त्याचं उद्यम असेल तर तो तुमच्यावर अर्ज करू शकतो. रोजावर आलेल्या वाढप्याकडे तर तेवढाही कागद नसतो. त्यांचे पैसे आधी द्या, कर्ज काढून द्यावे लागले तरी द्या.

प्रश्न : कोल्हापुरात आमची असोसिएशन झालीय पण मीटिंगला चारच जण येतात. बाकीच्यांना कसं आणायचं?

मीटिंग कधी ठेवता? तुळशीच्या लग्नानंतर मे-जूनपर्यंत कोणी येणार नाही, गणपती-नवरात्रातही नाही. आषाढ आणि पितृपक्ष हे आपल्या लोकांचे मोकळे दिवस, मोठी मीटिंग तेव्हाच ठेवा. आणि नुसत्या भाषणांना कोण कशाला येईल हो, ज्याने उद्याचं काम सोपं होईल असं काहीतरी द्या.

पहिली मीटिंग आगीवर घ्या. २३ डिसेंबर १९९५ ला हरियाणातल्या डबवालीत शाळेच्या कार्यक्रमात मंडपाला आग लागली आणि चारशेच्या वर माणसं गेली, त्यात लहान मुलं किती होती ते वाचवत नाही. आजही आपण सिंथेटिक कापड, थर्माकोल, ओढलेल्या वायरी आणि येण्याजाण्याचा एकच रस्ता असं करतोच. तात्पुरत्या मंडपांसाठी आयएस ८७५८ हे मानक आहे, पण ते वाचलेला माणूस शोधावा लागेल. महापालिकेच्या फायर ब्रिगेडला पत्र द्या, प्रात्यक्षिकाला माणूस पाठवा म्हणावं, आणि तुमच्यासोबत बिछायतवाल्यांची, वायरमनची पोरं पण बोलवा कारण आग लागली तर ती विझवायचा सिलिंडर त्यांनाच उचलायचाय.

दुसरी मीटिंग साउंडवर. उघड्या लॉनवर रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही, वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट मिळते ती सणांसाठी, कोणाच्या संगीतसाठी नाही. प्रत्येक प्लॅनर एकटा असतो तेव्हा घरचे म्हणतात "तो दुसरा करून देतो, तुम्हीच नाही म्हणता", मग आपण मान खाली घालून चालू ठेवतो, पोलीस आले की साउंडवाल्याचा मिक्सर जप्त होतो. सगळ्यांच्या करारात "उघड्यावर साउंड १० ला बंद" ही एक ओळ आली तर हे बोलणंच संपतं. त्या मीटिंगला पोलीस स्टेशनचे साहेब आले तर उत्तमच, न येणाऱ्यांना आदल्या दिवशी फोन करून एवढंच सांगा की साहेब येणार आहेत, परवानगीच्या अर्जाचं काय ते तिथेच विचारून घ्या.