षटकोनी तुकड्यांच्या गोधडीत कोपरे जुळत नाहीत, मध्ये भोक राहतं. चूक कुठे होतेय?

तुम्ही लिहिलंय की कापडाचे षटकोन नीट मोजून कापले, पाव इंच माया (शिवणीसाठी काठाला सोडलेलं जादा कापड) धरून मशीनवर जोडले, तरी सात तुकड्यांचं (मध्ये एक, भोवती सहा) पहिलंच फूल वाटीसारखं वर आलं आणि तीन तुकडे भेटतात तिथे बारीक भोक राहिलं. माझं पहिलं फूलही असंच झालं होतं. तुमची कात्री दोषी नाही. कापडाकडून जी अपेक्षा आहे, ती त्याला झेपत नाही एवढंच.

षटकोनाला सहा बाजू असतात. त्यातल्या फार तर दोन कापडाच्या धाग्याशी समांतर येतात, उरलेल्या चार तिरक्या कापल्या जातात. तिरका काठ किती ताणतो हे उरेब, म्हणजे तिरकी कापलेली, पट्टी लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मशीनच्या दाताखाली तो आणखी ताणतो. त्यात प्रत्येक कोपऱ्यावर तीन शिवणी एका बिंदूत यायला हव्यात, म्हणजे काठाच्या बरोबर पाव इंच अलीकडे थांबून, कापड वळवून, पुढची शिवण धरायची. मशीनवर हे करणारे लोक आहेत, पण सुरुवात तिथून करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हाताने करायची जुनी रीत वेगळी आहे. प्रत्येक तुकड्याच्या आत कागदाचा षटकोन ठेवायचा, माया त्यावर दुमडून कच्च्या टाक्यांनी धरायची आणि मग ते तुकडे एकमेकांना जोडायचे. इथे माप कागद सांभाळतो. कापड ओबडधोबड कापलं तरी चालतं, अगदी चौकोनी तुकडाही चालतो. कागद मात्र केसभरही चुकलेला चालत नाही.

म्हणून खरी मेहनत कागदावर. षटकोनाचं माप म्हणजे त्याच्या एका बाजूची लांबी. एक इंची षटकोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत २ इंच भरतो आणि समोरासमोरच्या बाजूंत साधारण पावणेदोन इंच. काढायला सोपा आहे: कंपास १ इंच उघडा, वर्तुळ काढा आणि तेच अंतर वर्तुळावर फिरवत खुणा करा. सहाव्या वेळी तुम्ही पहिल्या खुणेवर परत येता. खुणा पट्टीने जोडा. हा मूळ साचा जाड पुठ्ठ्याचा करा आणि बाकी सगळे कागद फक्त त्याच्यावरूनच गिरवा.

हे 'फक्त' मी महागात शिकले. साचा हाताशी नव्हता म्हणून मी आधी कापलेल्या कागदावरून पुढचा गिरवत गेले, त्यावरून त्याच्या पुढचा. पेन्सिलीच्या रेघेलाही जाडी असते. चाळिसाव्या कागदापर्यंत माझा षटकोन चांगलाच वाढला होता आणि ते लक्षात आलं तेव्हा अर्ध्यांवर कापड चढलेलं होतं. कापड चढवण्याआधी एक तपासणी करा: सात कागद टेबलावर फुलासारखे मांडा. कुठे फट दिसली किंवा कागद एकमेकांवर चढले, तर दोष तिथेच सापडतो. तीन कोपरे मिळून ३६० अंश व्हायला हवेत. कमी भरले तर शिवल्यावर वाटी होते, जास्त भरले तर झालर.

कागद साध्या वहीच्या पानापेक्षा जाड हवा, पण शिवताना दुमडता येईल इतका लवचिक. प्रत्येकाच्या मध्ये पंचने भोक पाडून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. इंग्लंडमध्ये १७१८ सालचं एक रेशमी पांघरूण जपलेलं आहे, त्याच्या आत असे कागद अजून आहेत. जुन्या अर्धवट कामांमधून पत्रं आणि हिशेबाच्या वह्यांचे कपटेही निघतात. तेव्हा कागद विकत आणायलाच हवा असं नाही.

आता कापड. सुती घ्या आणि आधी धुऊन इस्त्री करा, नाहीतर आटणं आणि रंग जाणं दोन्ही पुढे निस्तरावं लागतं. एक इंची षटकोनासाठी सव्वादोन इंच रुंदीची पट्टी कापली की कागद तिच्यावर ठेवून भोवती पाव इंच माया सोडून तुकडे निघतात. माया कमी असेल तर टाका धरत नाही. थोडी जास्त असेल तर बिघडत नाही.

दुमडताना एक बाजू वळवा, मग दुसरी, आणि कोपऱ्यावर जिथे कापड दोन पदरी होतं तिथे फक्त कापडातून एक उलटा टाका घ्या. कागदात सुई घालायची नाही. असं सहा कोपऱ्यांवर केलं की लहान षटकोनाला पुरतं, आणि कागद काढताना हा दोरा उसवावाही लागत नाही. काही जण गोंदाच्या कांडीने चिकटवतात. चालतं, पण काठापासून दूर लावा, नाहीतर जोडताना सुई अडकते.

जोडणी म्हणजे दोन तुकडे सुलट बाजू आत करून काठाला काठ लावायचे आणि दुमडीवरून दोरा गुंडाळत जायचं. सुईने दुमडीचे एकदोन धागेच उचलायचे. इंचाला पंधरा-वीस टाके आले तर उत्तम. सुई खोल गेली की टाके सुलट बाजूला दिसतात आणि कागदही शिवला जातो. तुमचं भोक बहुतेक कोपऱ्यावर पडतंय, तर कोपऱ्याच्या किंचित अलीकडून सुरू करा, मागे कोपऱ्यापर्यंत या आणि मग पुढे निघा. दुसऱ्या टोकालाही तसंच दोन टाके परत या. दोरा बारीक, रंग दोन कापडांतल्या गडद कापडाला जुळणारा, लांबी हातभर. जास्त लांब घेतला की गुंता ठरलेला.

फूल करताना पहिली पाकळी मधल्या तुकड्याला जोडा, दुसरी त्याच्या शेजारच्या बाजूला, आणि मग मधला तुकडा दुमडून त्या दोन पाकळ्या एकमेकींना. लवचिक कागद इथे कामी येतो. पुढच्या फेरीत १२ तुकडे लागतात, त्याच्या पुढच्या फेरीत १८.

सहाही बाजूंना शेजारी जोडले गेल्याशिवाय कागद काढू नका, तिरके काठ तोवर त्याच्याच आधाराने उभे असतात. आधी उलट बाजूने इस्त्री फिरवा, घड्या पक्क्या होतात. मग कागदाला पंचने पाडलेल्या भोकात विणायची सुई घालून हलकेच उचला. कागद अखंड निघतो आणि पुन्हा वापरता येतो.

शेवटी मापाचं, कारण बहुतेक गोधड्या इथेच अर्ध्या राहतात. ६० बाय ९० इंचाच्या गोधडीला एक इंची षटकोन दोन हजारांहून जास्त लागतात. दीड इंची घेतले तर सव्वानऊशेच्या आसपास, दोन इंची घेतले तर साधारण ५२०. तुमचे सात तुकडे एक इंची असतील तर त्यांची उशीची खोळ करा आणि गोधडीसाठी दीड इंचाचा साचा नव्याने काढा.