तीन वर्षं नोकरीत असताना आता ई-व्हेरिफाय कशासाठी? नाव जुळलं नाही तर नोकरी जाते का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या कंपनीत तीन वर्षं काम करताय, आता कंपनीला तिथल्या केंद्र सरकारचं कंत्राट मिळालंय आणि एचआर म्हणतंय की तुमची माहिती ई-व्हेरिफायमध्ये (माणसाला अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का, हे सरकारी नोंदींवरून तपासणारी ऑनलाइन यंत्रणा) भरावी लागेल. हे कायद्यात बसतं का, नाव जुळलं नाही तर नोकरी जाते का, आणि मुळात अशी सक्ती असावी का?

मी अशाच एका कंपनीत एचआरचं काम बघते. आमची कंपनी सबकॉन्ट्रॅक्टर आहे, त्यामुळे हे प्रकरण जवळून पाहिलंय. थोडक्यात उत्तर: हो, कायद्यात बसतं. आणि नाही, नाव जुळलं नाही एवढ्यावरून नोकरी जात नाही, जाऊही देऊ नका.

तुमच्या मनात शंका येणं अगदी रास्त आहे, कारण एरवी नियम उलटा आहे. ई-व्हेरिफाय वापरणाऱ्या साध्या कंपनीला फक्त नव्याने घेतलेल्या माणसाची पडताळणी करता येते, तीही त्याने नोकरी स्वीकारून आय-९ फॉर्म (ओळखीचे आणि कामाच्या परवानगीचे कागद दाखवून भरायचा फॉर्म) भरल्यावर. आधीपासून कामावर असलेल्या कोणाला मध्येच उचलून तपासायला बंदी आहे. मुलाखतीला आलेल्या उमेदवाराला आधी तपासून मग घ्यायचं की नाही ते ठरवणं, हेही चालत नाही. केंद्र सरकारचा कंत्राटदार हा याला मोठा अपवाद आहे.

हा अपवाद आला जून २००८ मध्ये, अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या आदेशाने. त्यावरून सरकारी खरेदीच्या नियमांत ५२.२२२-५४ हे कलम घातलं गेलं. ते लगेच लागू झालं नाही. उद्योगांच्या यूएस चेंबर ऑफ कॉमर्सने मेरीलँडच्या केंद्रीय न्यायालयात दावा लावला. त्यांचं म्हणणं होतं की १९९६ च्या कायद्याने ही योजना ऐच्छिक ठेवली आहे, मग आदेश काढून सक्ती कशी करता? सरकारने उत्तर दिलं की सरकारचं कंत्राट घ्या म्हणून कोणी कोणावर जबरदस्ती केलेली नाही. घ्यायचं असेल तर आमच्या अटी पाळा. ऑगस्ट २००९ मध्ये न्यायालयाने सरकारची बाजू मान्य केली आणि ८ सप्टेंबर २००९ पासून कलम लागू झालं. मला हा युक्तिवाद पटतो. लोकांच्या करातून पैसे घेणाऱ्याकडून जास्त काटेकोरपणा मागणं गैर नाही.

आता तुम्ही त्यात येता का ते बघा. कंत्राट १२० दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीचं आणि ठरावीक रकमेच्या वरचं असावं लागतं (सुरुवातीला मुख्य कंत्राटासाठी ही मर्यादा १ लाख डॉलर होती, पुढे वाढत गेली). बाजारात तयार मिळणारा माल पुरवण्याचं कंत्राट असेल तर कलम लागत नाही. सेवा आणि बांधकामाच्या सबकॉन्ट्रॅक्टरलाही लागतं, आणि त्यांच्यासाठी रकमेची मर्यादा फारच खाली आहे, सुरुवातीला ३,००० डॉलर होती. त्यामुळे आमच्यासारख्या छोट्या कंपन्या हमखास सापडतात. माणसांच्या बाबतीत, त्या कंत्राटाचं काम अमेरिकेत प्रत्यक्ष करणारे सगळे येतात. पगारपत्रक, अकाउंट्स, रिसेप्शन असं पाठीमागचं काम करणारे येत नाहीत. ६ नोव्हेंबर १९८६ च्या आधीपासून त्याच नोकरीत असलेलेही सुटतात. मात्र कंपनी ठरवू शकते की निवडक कशाला, सगळ्यांचीच पडताळणी करू. तेही नियमात बसतं. जे बसत नाही ते म्हणजे आडनाव किंवा चेहरा बघून चार जणांना वेगळं काढणं.

मुदतींची काळजी कंपनीने करायची आहे: कंत्राट मिळाल्यापासून ३० दिवसांत नोंदणी, आणि नोंदणीपासून ९० दिवसांत कंत्राटावरच्या जुन्या लोकांची पडताळणी. तुम्हाला कळीचा आहे तो नाव न जुळल्यानंतरचा भाग.

यंत्रणा तुमच्या आय-९ वरची माहिती सोशल सिक्युरिटीच्या (कामगारांना ओळख नंबर देणारं सरकारी खातं) आणि होमलँड सिक्युरिटीच्या (इमिग्रेशन बघणारं खातं) नोंदींशी ताडून बघते. ९८ टक्क्यांहून जास्त प्रकरणं तिथल्या तिथे मंजूर होतात. उरलेल्यांत ‘मिसमॅच’ येतो. तो निकाल नव्हे, पुढची चौकशी करायची सूचना आहे. कंपनीने ती तुम्हाला एकांतात, लेखी द्यायची असते. तुम्ही दहा कामकाजाच्या दिवसांत सांगायचं की मला हे दुरुस्त करायचंय. मग कंपनी प्रकरण पुढे पाठवते आणि तुम्हाला तारीख लिहिलेला कागद देते. तिथून आठ कामकाजाच्या दिवसांत तुम्ही सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जायचं किंवा होमलँड सिक्युरिटीशी संपर्क साधायचा. सूचना ज्या खात्याची, ते खातं. तुम्ही काहीच केलं नाहीत तर मात्र प्रकरण तुमच्याविरुद्ध बंद होतं आणि कंपनी कामावरून काढू शकते. म्हणून ते पाकीट टेबलाच्या खणात टाकून विसरू नका.

या सगळ्या काळात कंपनीला तुम्हाला काढता येत नाही, रजेवर पाठवता येत नाही, पगार कापता येत नाही, आणि कामाची नेमणूकही लांबवता येत नाही. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण गडबड तिथेच होते.

आमच्याकडच्या एका मराठी सहकारी बाईंचं सांगते. विद्यार्थी असताना सोशल सिक्युरिटी नंबर काढला तो माहेरच्या नावाने. लग्नानंतर पासपोर्ट नवा केला, व्हिसा नव्या नावाने आला, बँक, लायसन्स सगळीकडे नाव बदललं. सोशल सिक्युरिटीत तेवढं राहिलं. मिसमॅच येताच मुख्य कंत्राटदाराच्या मॅनेजरचा निरोप आला: “प्रकरण मिटेपर्यंत यांना प्रोजेक्टवर घेऊ नका, उगाच रिस्क नको.” मी नियमाची ओळ काढून पाठवली आणि कळवलं की त्या उद्यापासूनच कामावर येणार. त्यानंतर निरोप आला नाही. बाई लग्नाचा दाखला, पासपोर्ट आणि व्हिसाच्या मंजुरीचा कागद घेऊन ऑफिसात गेल्या आणि खिडकीवर नाव दुरुस्त झालं. फी नाही, वकील नाही. पण नियम माहीत नसणारं कोणी माझ्या जागी असतं, तर त्या घरी बसल्या असत्या, आणि आपल्याच हातून काहीतरी चुकलंय असं समजत राहिल्या असत्या.

आपल्या लोकांना हा त्रास जास्त होतो कारण आपली नावं तीन भागांची. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला जोडून येतं, सोशल सिक्युरिटीच्या कार्डावर ते मधलं नाव होतं, आय-९ भरताना कोणी ते गाळतं. नागरिकत्व घेतलेल्यांचंही तेच: शपथविधी होतो, फोटो निघतात, आणि सोशल सिक्युरिटीला कळवायचं राहून जातं. त्यांच्या नोंदीत माणूस परदेशीच राहतो.

अशी सक्ती असावी का, या प्रश्नावर माझं मत: असावी, पण तिच्याकडून भलत्या अपेक्षा नकोत. ही यंत्रणा कागद तपासते, माणूस नाही. दुसऱ्या खऱ्या माणसाचं नाव आणि नंबर घेऊन आलेला सहज पुढे जाऊ शकतो. वेस्टॅट या संशोधन संस्थेने सरकारसाठी केलेल्या, डिसेंबर २००९ च्या मूल्यमापनात अंदाज होता की कामाची परवानगी नसलेल्यांपैकी सुमारे ५४ टक्के लोक त्यातून मंजूर होऊन बाहेर पडत होते. पासपोर्ट, ग्रीनकार्ड वगैरेंवरचा फोटो ताडून बघायची सोय आहे, पण ती सगळ्या कागदांना लागू नाही. म्हणजे खोटं वागणारा सुटतो आणि आडनाव बदललेली प्रामाणिक बाई अडकते, असं होतं. मला हे सलतं. यावर उपाय ही अट काढून टाकणं नव्हे. सूचना हातात न देता माणसाला बाजूला बसवणाऱ्या कंपनीवर कारवाई व्हायला हवी. कंत्राटदाराने नोंदणीच केली नाही तर कंत्राट रद्द होण्यापर्यंत, काळ्या यादीपर्यंत गोष्ट जाऊ शकते. कामगाराला अंधारात ठेवलं तरी तितकीच कडक वागणूक मिळावी, असं मला मनापासून वाटतं.

तुम्ही आत्ताच काय करावं: सोशल सिक्युरिटीचं कार्ड, पासपोर्ट आणि सध्याचा आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) समोर ठेवून तिन्हींवरचं नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळवा. फरक दिसला तर वाट न बघता आधीच दुरुस्त करून घ्या. ई-व्हेरिफायच्या संकेतस्थळावर सेल्फ चेक आहे, त्यात स्वतःची माहिती स्वतः तपासता येते. एचआरने नवा आय-९ भरायला सांगितला तर कोणते कागद दाखवायचे ते तुम्ही निवडायचं; मंजूर यादीतला कुठलाही चालतो. “ग्रीनकार्डच आणा” असं म्हणायचा त्यांना अधिकार नाही. असं कोणी अडून बसलं, किंवा मिसमॅचच्या काळात काम काढून घेतलं, तर न्याय खात्यातल्या इमिग्रंट अँड एम्प्लॉयी राइट्स सेक्शनकडे तक्रार करता येते.

आणि सगळ्यात आधी एक गोष्ट एचआरला विचारा. तुम्ही याच कंपनीत स्टेम ओपीटीच्या (विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर मिळणारी कामाची परवानगी) वाढीव मुदतीवर काम केलं असेल, तर कंपनी ई-व्हेरिफायमध्ये तेव्हापासूनच असणार, कारण त्याशिवाय ती वाढ मिळत नाही. म्हणजे तुम्हाला घेतानाच पडताळणी झालेली असू शकते. याच कंपनीने ती आधी केली असेल, तर कलमाप्रमाणे ती पुन्हा करायची गरज नाही. तुमच्या आय-९ ला जुना केस नंबर जोडलेला आहे का, तेवढं त्यांना फाईल उघडून बघायला सांगा.