समोरच्या दारातली मिझो ताई

प्रश्न: ताई, सलाम. मी खारघरला राहते. समोरच्या फ्लॅटमध्ये महिन्यापूर्वी मिझोरमचं एक कुटुंब भाड्याने आलंय, वडिलांची कॅन्सरची ट्रीटमेंट इथल्या टाटाच्या हॉस्पिटलमध्ये चालू आहे. मुलगा हिंदी बोलतो पण तो दिवसभर वडिलांबरोबर, आई घरी एकटी आणि तिला फक्त मिझो येतं. दारावर क्रॉस आहे, म्हणजे आपलीच माणसं. मी एकदा मटणाचा रस्सा करून दिला, नंतर मुलाकडून कळलं की कोणालाच खाता आला नाही. आता आम्ही दोघी दारात उभ्या राहून नुसत्या हसतो आणि आत जातो. खूप वाईट वाटतं. भाषाच नाही तर प्रेम दाखवायचं कसं? आणि प्रार्थना करायची तर कुठल्या भाषेत?

उत्तर: बहिणी, रश्श्याचं मनाला लावून घेऊ नकोस. मिझो घरात भाज्या बऱ्याचदा नुसत्या उकडून करतात, तेल-तिखट अगदी कमी, आणि त्यात केमो चालू असेल तर तोंड आलेलं असतं, फोडणीच्या वासानेसुद्धा मळमळतं. पेशंटला काय चालतं ते मुलाला विचार आणि शिजवून नेण्यापेक्षा तिला बरोबर घेऊन भाजी आणायला जा. पावसाळ्यात डोंगराकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात ना तिथे ने, भोपळ्याचा कोवळा पाला दिसला तर तिचा चेहरा बघ, तो त्यांच्याकडे आवडीने खातात. पाल्याकडे बोट दाखवायला, जुडी हातात घेऊन बघायला भाषा लागत नाही, आणि घरी येऊन तिने तिच्या हाताने रांधलं की त्या परक्या फ्लॅटला तिच्या घराचा वास येईल.

मोबाईल पण वापर. गूगल ट्रान्सलेटमध्ये 2022 पासून मिझो आहे. मिझो रोमन लिपीत लिहितात कारण 1894 मध्ये लॉरेन आणि सॅव्हिज हे दोन मिशनरी तिकडे गेले, आधी लोकांकडून ती बोली शिकले आणि मग रोमन अक्षरांत लिहायला लागले, त्यामुळे तू स्क्रीन पुढे केलीस की ती वाचू शकेल. वाक्यं छोटी ठेव. पण गोळ्या, डोस, रिपोर्ट यातलं काहीही ॲपवर विचारू-सांगू नकोस, ते मुलगा आणि हॉस्पिटलवाले बघतील.

आणि तिचे चार शब्द तू शीक, हे मी मुद्दाम सांगते, कारण आपण नेहमी वाट बघतो की समोरचा हिंदी कधी शिकतोय. पाणी म्हणजे तुई. थँक्यू म्हणजे का लॉम ए. वयाने मोठ्या बाईच्या नावाआधी पी लावतात, मानाने. उच्चार चुकेल, ती हसेल, हसू दे, बिचारीला महिनाभर हसायला कारण कुठे मिळालं असेल!

बायबलमध्ये मार्क 7 मध्ये बहिऱ्या माणसाची गोष्ट आहे ती परत वाच. प्रभू येशूने त्याला गर्दीतून बाजूला नेलं, त्याच्या कानात बोटं घातली, जिभेला स्पर्श केला, वर आकाशाकडे बघून उसासा टाकला. ऐकू न येणाऱ्या माणसाला डोळ्यांनी कळेल असं सगळं, आणि बोलणं फक्त एका शब्दाचं. मला ती जागा फार आवडते.

प्रार्थना मराठीतच कर, तिला मिझोत करू दे, एकाच वेळी. येशूला ते इसुआ म्हणतात, ते तुला ऐकू येईल, आमेन तर दोघींचं सारखंच. जुनी गीतं पण गुणगुणून बघ, कितीतरी गीतं आपल्याकडे आणि त्यांच्याकडे त्याच चालीवर गातात.

तुझ्या चर्चच्या मंडळीलाही माझं हे सांग. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये पहिल्या मंडळीत कुरकुर झाली ती रोजच्या जेवणावरून, ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं म्हणून. त्यावर सात जण नेमले, स्तेफन, फिलिप्प वगैरे, सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बोलीच्या माणसांच्या हातात वाटप दिलं असावं असं मी ते वाचते. आपण मात्र महिन्यातून एक हिंदी उपासना ठेवतो आणि समजतो झालं काम, मला हे पटत नाही. हॉस्पिटलजवळच्या मंडळ्यांनी तरी कोण कुठून आलंय, कुठली भाषा बोलतं याची वही ठेवायला हवी.

अजून एक. ती काही द्यायला आली तर नको नको करू नकोस, घे आणि तिच्यासमोर खा. रोज घेतच राहावं लागलं की माणूस आतून खचतो, आणि त्यांना तर सध्या सगळं दुसऱ्यांकडूनच घ्यावं लागतंय.

वाशीला मिझोरम हाऊस आहे, त्यांची उपासना इकडे कुठे भरते ते तिथे विचारता येईल. मुलाला वेळ नसेल तर तूच तिला हार्बरच्या गाडीने घेऊन जा. उपासना सापडली तर तूही तिच्या शेजारी बस, एक शब्द कळला नाही तरी बस, म्हणजे महिनाभर ती कशी राहिली ते तुला समजेल. आणि भोपळ्याचा पाला मिळाला का ते मला नक्की कळव.